सुई एकच, भाऊ दोघे, मग विषाणू एकाच्याच अंगात का राहिला?

एका वाचकाचा प्रश्न आलाय. लांबलचक आहे, आधी त्याचा सारांश देते. लालबागच्या चाळीत वाढलेले दोन भाऊ. धाकट्याने, वय ४७, मंडळाच्या शिबिरात रक्तदान केलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला: हेपटायटिस सी, म्हणजे लिव्हरला सूज आणणाऱ्या विषाणूची अँटिबॉडी (शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेलं प्रथिन) पॉझिटिव्ह. विषाणू आत्ता रक्तात आहे का हे सांगणारी आरएनए तपासणी मात्र 'नॉट डिटेक्टेड'. घाबरून घरच्यांनाही तपासायला लावलं, तर ५१ वर्षांच्या दादाचा आरएनए पॉझिटिव्ह आणि फायब्रोस्कॅनवर (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) एफ-३, म्हणजे चारपैकी तिसरी पायरी. लहानपणी दोघांना सारखा टॉन्सिलचा ताप यायचा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात काचेची सिरिंज स्टीलच्या ट्रेमध्ये उकळायची आणि कंपाउंडर तीच सगळ्यांना टोचायचा. 'रक्त एक, सुई एक, मग मी कसा सुटलो आणि दादा कसा अडकला? हे जनुकांत असतं का? मी आणि माझ्या मुलांनी जनुकांची तपासणी करावी का?' शेवटी एक ओळ अशी: 'घरात सगळे म्हणतात, दादा पितो म्हणून त्याला झालं.'

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते, कारण मला ती सगळ्यांत जास्त टोचली. हा विषाणू अंगात राहणार की जाणार, हे बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या सहा महिने ते वर्षभरात ठरतं. तुम्ही सांगता तसं ते त्या दवाखान्यातच झालं असेल, तर तेव्हा दादा शाळेत होता. त्याच्या हातात ग्लास आला तो पुढे कितीतरी वर्षांनी. दारूने लिव्हर लवकर कडक होतं हे खरं, आज तो एफ-३ वर आहे त्यात दारूचा वाटा असेलही, आणि आता ती पूर्ण बंद हवी. पण विषाणू त्याच्या अंगात का राहिला याचा दोष दारूवर टाकता येत नाही. घरात हे एकदा स्पष्ट सांगा.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही 'सुटलात' हे तुम्ही गृहीत धरलंय, मी अजून धरलेलं नाही. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि आरएनए निगेटिव्ह याचे दोन अर्थ निघतात. एक, विषाणू येऊन गेला आणि त्याची खूण उरली. दोन, विषाणू कधी आलाच नव्हता, अँटिबॉडीची तपासणीच चुकून पॉझिटिव्ह आली. रक्तपेढीची चाचणी मुद्दाम अतिसंवेदनशील ठेवलेली असते. एखादी चांगली बाटली फुकट गेली तरी चालेल, पण दूषित बाटली सुटता कामा नये, असा तिचा हिशेब. त्यामुळे रिपोर्टवर जो आकडा असतो, एस-बाय-सीओ म्हणून (चाचणीचा सिग्नल ठरलेल्या मर्यादेच्या किती पट आला ते), तो बघा. तो एकच्या जरा वर असेल तर खोट्या पॉझिटिव्हची शंका घ्यायची, चांगला मोठा असेल तर संसर्ग खरंच होऊन गेलेला असण्याची शक्यता जास्त. आकडा कमी असेल तर दुसऱ्या कंपनीच्या किटवर अँटिबॉडी परत करा. आरएनए तर काहीही असलं तरी आणखी एकदा करा. दुसऱ्यांदाही निगेटिव्ह आला की विषय मिटला. तुमच्याकडून कोणाला लागण होणार नाही आणि या विषाणूमुळे लिव्हरला धोका नाही. अँटिबॉडी मात्र वर्षानुवर्षं राहते, त्यामुळे रक्तदान आता बंद. मंडळाच्या पोरांना हे समजावणं हीच यातली अवघड गोष्ट, मला माहीत आहे.

इथून पुढे तुम्ही खरंच विषाणू घालवलात असं धरून लिहिते. असे लोक दुर्मिळ नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा साधारण ३० टक्क्यांचा आहे, १५ ते ४५ च्या मध्ये कुठेतरी. नव्याने लागण झालेल्या ६३२ जणांचा पाठपुरावा झाला, त्यात वर्षभरात सुमारे पाव लोकांचा विषाणू आपोआप गेला. ज्यांचा गेला त्यांच्यापैकी तिसऱ्या महिन्यापर्यंत ३४ टक्क्यांचा, सहाव्यापर्यंत ६७ आणि बाराव्यापर्यंत ८३ टक्क्यांचा गेला होता. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त जातो. ज्यांना सुरुवातीलाच ठसठशीत कावीळ होते त्यांच्यातही जास्त जातो, कारण ती कावीळ म्हणजे प्रतिकारशक्ती लिव्हरमध्ये घुसून झुंजत असल्याची खूण. बहुतेकांना काहीच होत नाही. तुम्हाला दोघांनाही काही आठवत नाही, यात नवल नाही. त्या काळात या विषाणूला नावसुद्धा नव्हतं. पुस्तकात 'नॉन-ए, नॉन-बी' एवढंच लिहिलेलं असायचं. १९८९ साली तो सापडला आणि त्या कामाचं नोबेल २०२० मध्ये आल्टर, हॉटन आणि राइस या तिघांना मिळालं.

आता जनुकं. माझ्या आवडीचा विषय आहे, जरा रेंगाळते.

२००९ साली, काही महिन्यांच्या अंतराने, दोन गोष्टी उघड झाल्या. तेव्हा उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाविरिनच्या गोळ्या. त्या उपचाराने कोण बरा होतो आणि कोण नाही, हे शोधताना संपूर्ण जनुकसंचात एकच ठळक जागा उजळली: १९ व्या गुणसूत्रावर, आयएल-२८-बी नावाच्या जनुकाजवळ. त्या जागी काहींना 'सी' अक्षर असतं, काहींना 'टी'. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, म्हणजे माणूस सी-सी, सी-टी किंवा टी-टी. लगेच दुसऱ्या गटाने विचारलं, औषधाशिवाय बरे होणाऱ्यांचं काय? त्यांनी १,००८ लोक घेतले, त्यांत ३८८ जणांनी विषाणू स्वतःच घालवलेला, ६२० जणांत तो राहिलेला. तीच जागा पुन्हा उजळली. सी-सी असणाऱ्यांचं पारडं बाकीच्यांपेक्षा साधारण तिपटीने बरं होण्याकडे झुकलेलं होतं. गोऱ्या लोकांत इंटरफेरॉन जास्त लागू पडतं आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत कमी, हे आम्ही डॉक्टर वर्षानुवर्षं बघत होतो. त्यातला जवळजवळ अर्धा फरक या एका अक्षराने समजला. पूर्व आशियात 'सी' नव्वद टक्क्यांच्या वर, आफ्रिकेत बरंच कमी. आपल्याकडेही 'सी'च बहुसंख्य आहे.

पण ते अक्षर म्हणजे नुसता मैलाचा दगड होता, गाव नव्हे. गाव २०१३ मध्ये सापडलं. तिथेच एक नवं जनुक निघालं, इंटरफेरॉन लॅम्डा-४. काही लोकांत ते चालू असतं, काहींत मोडलेलं. कसं मोडतं ते सांगते. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. समजा वाक्य आहे 'कमळ गवत सरळ'. पहिल्या 'क'नंतर एक जादा 'न' घुसला आणि तरीही तीन-तीन अक्षरंच वाचायची म्हटलं, तर होतं 'कनम ळगव तसर ळ'. एका अक्षराने पुढचं सगळं बिघडलं. इथेही तसंच: एका 'जी'च्या जागी दोन 'टी' आले की लॅम्डा-४ हे प्रथिन तयारच होत नाही.

इंटरफेरॉन म्हणजे विषाणू आल्यावर पेशीने केलेली बोंब. ती ऐकून शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. लॅम्डा घराण्यातले इंटरफेरॉन मुख्यतः लिव्हर, फुप्फुस, आतडं अशा ठिकाणी ऐकू जातात. मग कुणालाही वाटेल की ज्याच्याकडे एक इंटरफेरॉन जास्त, तो लवकर बरा. झालं नेमकं उलट. ज्यांचं लॅम्डा-४ मोडलेलं, ते सी विषाणूला जास्त सहज घालवतात. ज्यांचं धडधाकट, त्यांच्यात विषाणू राहतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी तक्ता दोनदा उलटून पाहिला, रकाने चुकून अदलाबदल झालेत की काय म्हणून.

कारण असं दिसतं. लॅम्डा-४ असलेल्या रुग्णांच्या लिव्हरमध्ये इंटरफेरॉनने चालू होणारी जनुकं आधीच तापलेली असतात. चोवीस तास भोंगा वाजत राहिला की चाळीतलं कोणी दार उघडून बघत नाही, तसं पेशींचं होतं. त्या स्वतःच ब्रेक लावणारी प्रथिनं तयार करतात आणि पुढचा इशारा ऐकू येईनासा होतो. अशा लिव्हरला बाहेरून इंटरफेरॉन टोचूनही फार काही साधत नसे, हे आम्ही तेव्हा प्रत्यक्ष पाहत होतो, फक्त कारण कळत नव्हतं. याला जोड देणारा आणखी एक पुरावा आहे. काही लोकांत लॅम्डा-४ तयार होतं, पण प्रथिनातला ७० वा घटक बदललेला असतो आणि ते दुबळं पडतं. असे लोक मोडलेलं जनुक आणि धडधाकट जनुक यांच्या अधेमधे बसतात.

दुसरा मोठा गट एचएलए जनुकांचा. किडनी ट्रान्सप्लांटच्या निमित्ताने हा शब्द अनेकांच्या कानावर असतो. एचएलए म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं ताट. आत सापडलेल्या विषाणूचे तुकडे त्यात मांडून टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सैनिकांना, दाखवले जातात. ताटाचे आकार माणसागणिक वेगळे, म्हणून कोणता तुकडा नीट बसेल हेही वेगळं. यातल्या डीक्यूबी१ जनुकाचा ०३:०१ हा प्रकार असलेल्यांत विषाणू जाण्याचं प्रमाण जास्त, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. २०१३ च्या मोठ्या जनुकसंच-अभ्यासातही, आयएल-२८-बी-च्या जोडीला, हाच भाग वर आला. एचएलए-च्याच बी-२७ या प्रकाराचंही नाव घ्यायला हवं. पाठीचा कणा आखडणाऱ्या आजाराच्या संदर्भात बी-२७ बदनाम आहे, पण सी विषाणूविरुद्ध ते कामाला येतं. आयर्लंडमध्ये १९७७-७८ च्या सुमारास आरएच-निगेटिव्ह रक्तगटाच्या बायकांना बाळंतपणाच्या निमित्ताने दिलेली अँटी-डी इंजेक्शनं दूषित निघाली. सगळ्यांना एकाच स्रोताचा, एकाच प्रकारचा विषाणू. पुढे तपासणीत लागण झाल्याची खूण सापडलेल्या ७०४ बायकांपैकी ३९० जणींत, म्हणजे ५५ टक्क्यांत, तो टिकलेला होता, उरलेल्यांनी घालवलेला. अशा बायकांच्या अभ्यासातच बी-२७ चा फायदा उठून दिसला. या प्रकाराच्या ताटात विषाणूचा असा तुकडा बसतो की तो बदलून निसटायला विषाणूला एकाच वेळी अनेक ठिकाणी दुरुस्त्या कराव्या लागतात. पण हा तुकडा विषाणूच्या जीनोटाइप १ या उपप्रकारातला. आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या जीनोटाइप ३ मध्ये तो वेगळा आहे, तिथे बी-२७ चा उपयोग होताना दिसत नाही. म्हणजे जनुक चांगलं की वाईट, हे समोर विषाणू कोणता आहे त्यावरही अवलंबून.

नॅचरल किलर पेशी म्हणजे विषाणूवर सगळ्यांत आधी तुटून पडणारी फळी. त्यांच्या जनुकांचंही असंच आहे. या पेशींवरचं केआयआर-२डीएल३ आणि एचएलए-सी यांची एक विशिष्ट जोडी विषाणू घालवायला मदत करते, पण हा फायदा सुईने लागण झालेल्यांत दिसला, रक्त चढवताना लागण झालेल्यांत नाही. बाटलीभर रक्तातून विषाणूचा लोंढाच येतो, तिथे ही पहिली फळी पुरी पडत नसावी.

आता तुमच्या मुख्य वाक्याकडे येते, 'आमचं रक्त एक'. एक नाही. सख्ख्या भावंडांत एचएलए-चे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक, अजिबात न जुळण्याचीही चारात एक, आणि निम्म्या वेळा एकच संच जुळतो. एकाला किडनी हवी असली की घरात ही गणितं कशी चालतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आयएल-२८-बी-चंही तसंच. आई-वडील दोघंही सी-टी असतील तर प्रत्येक मुलाला सी-सी मिळण्याची शक्यता चारात एक, आणि दोन भावांपैकी नेमका एकच सी-सी असण्याची आठात तीन. तेव्हा एका घरातून एक सुटला आणि एक अडकला यात जनुकशास्त्राला नवल वाटण्यासारखं काही नाही.

शिवाय 'सुई एक' हेही तितकंसं खरं नसेल. दवाखाना एक, पण दिवस वेगळे, त्या सुईत तुमच्याआधी कोण होतं ते वेगळं, आत गेलेला विषाणू किती आणि कोणत्या जीनोटाइपचा हेही वेगळं. दादाला कदाचित एकदा नव्हे, चारदा लागण झाली असेल.

या सगळ्याचं वजन किती? त्याच २०१३ च्या अभ्यासाने हिशेब मांडला: आयएल-२८-बी आणि डीक्यूबी१ ०३:०१ मिळून आपोआप बरं होण्यातला सुमारे १५ टक्के फरक समजावून सांगतात. ही सगळ्यांत बलवान दोन जनुकं, आणि दोन्ही मिळून १५. मेंढीकोटमध्ये हुकुमाचा एक्का हातात असूनही डाव जातो, तसं सी-सी असूनही विषाणू अंगात राहिलेले कितीतरी रुग्ण माझ्यासमोर बसलेले आहेत. आपल्याकडे 'सी' इतकं बहुसंख्य आहे की जुनाट आजार असलेल्यांतही सी-सी बऱ्याच जणांचं निघतं. तुमचं सी-सी आणि दादाचं टी-टी निघालं, तरी 'म्हणून असं झालं' असं मी सही करून देणार नाही.

म्हणून जनुकांच्या तपासणीचं उत्तर सरळ नाही असं आहे. एक काळ होता, मी स्वतः ही तपासणी लिहून देत असे. २०१० नंतरची दोन-चार वर्षं. इंटरफेरॉनचा कोर्स जीनोटाइप १ साठी ४८ आठवड्यांचा, खर्च लाखांच्या घरात, अंगात ताप, केस गळणं, हिमोग्लोबिन घसरणं, आणि काहींना इतकं नैराश्य की घरच्यांनी रात्री जागून लक्ष ठेवावं. टी-टी निघालेल्या माणसाला 'थांबूया का थोडं, नवीन औषधं येतायत' असं म्हणायला त्या रिपोर्टचा आधार व्हायचा. २०१५ च्या सुमारास सोफोसबुव्हिरच्या जेनेरिक गोळ्या भारतात मिळू लागल्या आणि तो रिपोर्ट रद्दीत गेला. गोळ्या थेट विषाणूच्या यंत्रणेवर बसतात, त्यांना तुमच्या इंटरफेरॉनची मनधरणी करावी लागत नाही. सी-सी असो वा टी-टी, बहुतेकांसाठी १२ आठवडे, आणि ९५ टक्क्यांच्या आसपास लोक बरे. आज कुणी पॅकेजमध्ये घालून ही जनुक-तपासणी विकत असेल तर ते पैसे वाचवा. मुलांची तर मुळीच नको. तुमच्या अंगात विषाणू नाही, तुमच्याकडून त्यांना मिळण्याचा प्रश्नच नाही. आणि त्यांचं अक्षर कोणतं हे कळून तुम्ही करणार काय?

मुलांना एवढं जरूर सांगा की बाबांनी एकदा विषाणू घालवला याचा अर्थ बाबांना कवच मिळालं असा नाही. पुन्हा दूषित सुई टोचली गेली तर तुम्हाला पुन्हा लागण होऊ शकते. पूर्व जर्मनीत १९७८-७९ मध्ये अँटी-डी इंजेक्शनांतून अशीच लागण झालेल्या बायकांपैकी ज्यांनी विषाणू घालवला, त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात वीस वर्षांनी अँटिबॉडी सापडेना, टी-पेशींची आठवण मात्र शाबूत होती. ती आठवण मदत करते, पण खात्री देत नाही. लस अजून नाही.

थोडं विषयांतर करते, पण मुंबईत राहून हे न लिहिणं बरोबर नाही. पावेक लोक आपोआप बरे होतात, यावर अनेकांचं दुकान चालतं. कावीळ 'उतरवणारे' हातावर चुन्याचं पाणी ओतून पिवळं पाणी काढून दाखवतात. त्यांच्याकडे जाणाऱ्यांची कावीळ बहुधा हेपटायटिस ए किंवा ई-ची असते, ती अशीही ओसरते. सी-ची असेल तर पिवळेपणा ओसरतो आणि विषाणू राहतो, दोन-तीन दशकं गुपचूप. 'आमच्या काढ्याने अमक्याचा आरएनए निगेटिव्ह झाला' असं कोणी सांगितलं की मी विचारते, लागण होऊन किती महिने झाले होते? पहिल्या वर्षातलं असेल तर श्रेय काढ्याचं की त्याच्या आई-वडिलांच्या जनुकांचं हे ठरवता येत नाही. तीस वर्षं मुरलेला विषाणू काढ्याने गेलेला मी पाहिलेला नाही. दादाच्या बाबतीत आपोआप जाण्याची वाट बघण्यात अर्थ नाही, ती वेळ शाळेत असतानाच गेली.

तेव्हा आता सगळं लक्ष दादाकडे द्या. सरकारच्या राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत, मुंबईत सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत चौकशी करा. गोळ्या सुरू होण्याआधी हेपटायटिस बी-ची तपासणी झालीच पाहिजे. सी दबला की झोपलेला बी कधी कधी उठतो, आणि ते महागात पडतं. दादा हृदयाच्या ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन घेत असेल किंवा ॲसिडिटीची गोळी रोज खात असेल तर पहिल्याच भेटीत सांगायचं. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए करायचा, तो निगेटिव्ह आला की बरा झाला असं म्हणायचं, त्याआधी पेढे नकोत. आणि एफ-३ असल्यामुळे विषाणू गेल्यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी मी चालूच ठेवते. विषाणू गेला की कडक झालेल्या लिव्हरमध्ये कॅन्सरच्या गाठीचा धोका कमी होतो, संपत नाही. वहिनींची अँटिबॉडी एकदा करून घ्या. दाढीचं ब्लेड, नेलकटर वेगळं ठेवा. ताट-वाटी वेगळी करण्याची काहीही गरज नाही, आणि तसं कुणी केलं असेल तर आजच बंद करायला सांगा.

तुम्ही तुमच्या जनुकांबद्दल विचारलंत, मला मात्र तो स्टीलचा ट्रे आठवत राहतोय. त्या दवाखान्यात फक्त तुम्ही दोघे जात नव्हता. ताई, असल्यास, आणि चाळीतली तुमच्या वयाची बाकी मुलं, आता कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला गेली असतील, त्यांनाही तीच सुई लागली असणार. चाळीचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच. दादाचं नाव न घेता त्यावर एवढंच टाका, की अमुक सालाच्या आसपास त्या दवाखान्यात इंजेक्शनं घेतलेल्या प्रत्येकाने एकदा हेपटायटिस सी-ची अँटिबॉडी करून घ्यावी.